सवय औषधाची

रुचीच्या साखरपुड्यासाठी चारुलता दहा दिवसांची सुट्टी काढून पुण्याहून आली होती. आधी देवासला वडिलांकडे, मग त्यांना घेऊन धारला बळवंतकाकांकडे. रुची काकांची एकुलती एक. तिची आई, मालनकाकू, तीन वर्षांपूर्वी गेली. टाचेवर काळा डाग आला होता. सगळ्यांना तीळ वाटला. निघाला मेलानोमा, त्वचेचा कर्करोग. गोळ्या सुरू झाल्या तशा गाठी विरघळल्या, काकू पुन्हा धारजवळच्या नालछ्याच्या शाळेत शिकवायला जाऊ लागल्या. आणि आठव्या महिन्यात, त्याच गोळ्या खात असताना, आजार दुपटीने उलटला.

चारुलताने पुण्याच्या प्रयोगशाळेत मग हाच प्रश्न धरला. लागू पडणारं औषध लागू पडेनासं का होतं? तिने बशांमध्ये मेलानोमाच्या पेशी वाढवल्या आणि त्यांना औषधाची मात्रा थोडीथोडी वाढवत नेली. बहुतेक मेल्या. उरल्या त्या औषधाला भीक घालीनात. अशा निगरगट्ट पेशी तयार करायला अकरा महिने गेले; तुलनेला औषध न दिलेल्या साध्या पेशीही होत्या.

साखरपुड्याच्या सकाळी तिचा सहकारी मनन याचा फोन आला.

"चारू, सॉरी यार. तुझ्या पेशींना खाद्य घातलं, पण औषध घालायचं राहून गेलं. आठ दिवस."

"मग?"

"साध्या पेशी मजेत आहेत. पण तुझ्या त्या निगरगट्ट, बहुतेक मेल्या. बशा फेकून देऊ का?"

"दे," ती म्हणाली आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली. गोठवून ठेवलेल्या थोड्या पेशी होत्या, पण त्या वाढवायच्या म्हणजे पुन्हा कित्येक आठवडे.

काका चहा घेऊन आले. "कोणी काही बोललं का ग?"

तिने सगळं सांगितलं. मराठीत सांगताना अडली तिथे हिंदीत सांगितलं. काकांनी उभा जन्म सरकारच्या अफूच्या खात्यात कारकुनी केली होती, बरीच वर्षं नीमचला.

"म्हणजे औषध दिलं तर जगतात आणि बंद केलं तर मरतात?"

"हो ना."

"अगं, मग या तर अमली झाल्या, अफूबाजांसारख्या व्यसनी! तिकडे पाहिलेत मी. पहिल्यांदा रतीभर अफूने माणूस लुढकायचा. पुढे तोळाभर पचवायचा, काही व्हायचं नाही. पण एक दिवस मिळाली नाही की जीव जायची पाळी."

चारुलताच्या हातातला कप तसाच राहिला. मग ती फोनवर ओरडलीच, "मनन! फेकल्यास का?"

"अजून नाही. नाश्ता करतोय."

"हात लावू नकोस. सगळ्यांचे फोटो काढ, तारीख घाल."

काकांनी तिच्या हातातला कप काढून घेतला. मग हळूच म्हणाले, "मालनच्या गोळ्या मधेमधे थांबवल्या असत्या तर?"

"माहीत नाही काका. बशीतलं माणसात होतंच असं नाही. आणि काकूंचा आजार याच कारणाने उलटला की दुसऱ्या, तेही मला सांगता येत नाही. खोटं नाही बोलणार."

"नको बोलूस," काका म्हणाले. "पण कोणीतरी विचारतंय तरी. ऊठ, रुचीला साडी नेसवायला तूच हवीस."

दुपारी रुचीच्या ओटीत नारळ पडला तेव्हा तिच्यामागे आईच्या जागी चारुलता उभी होती. काकांनी व्याह्यांना तिची ओळख करून दिली, "ही आमची डॉक्टर, पण पेशींची."

पुण्याला परतल्यावर तिने गोठवलेल्या पेशी काढून तोच प्रयोग तीनदा केला, या वेळी मुद्दाम. तिन्ही वेळा औषध काढताच निगरगट्ट पेशी मेल्या. मग वर्षभर उंदरांवर काम चाललं. मधेमधे औषध थांबवल्याने गाठी संपल्या नाहीत, पण आजार उलटायला जवळजवळ दुप्पट वेळ लागला. काही उंदरांत तर काहीच फरक पडला नाही. तिने तेही जसंच्या तसं लिहिलं.

शोधनिबंध छापून आला तेव्हा ती प्रत घेऊन धारला गेली. इंग्रजी काकांना जड जात होतं, म्हणून तिने एकेक आकृती बोट ठेवून समजावली. काकांनी दोनदा चष्मा पुसला.

"आता पुढे?" त्यांनी विचारलं.

"ज्या उंदरांत फरक पडला नाही, त्यांच्यात का पडला नाही, ते शोधायचं."

"म्हणजे काम पुष्कळ आहे," काका समाधानाने म्हणाले. मग त्यांनी माहेरी आलेल्या रुचीला हाक मारली, "अगं, ताट वाढ हिला. दाल-बाफले गार होतायत."