मागच्याची भाषा

आमच्या कारखान्यात आरसे होतात. काच बाहेरून येते. आम्ही ती कापतो, कडा घासतो, चौकटीत बसवतो आणि गिऱ्हाईकाच्या भिंतीवर नेऊन लावतो. मोठा आरसा न्यायला दोन माणसं लागतात. पुढचा वाट बघतो आणि हाक देतो. मागच्याला आरशाची तपकिरी पाठ दिसते, बाकी काही नाही. त्याने ऐकायचं आणि पाय टाकायचा. मी मागचा. कामाला लागल्यापासून मागचाच. पुढे माझी बायको असायची.

जिना चढताना वजन मागच्यावर येतं, म्हणून मी मागे. शिवाय तिचा आवाज मोठा होता. "ये… ये… पायरी… अजून एक… डावं घे… टेकव." एवढंच बोलायची, पण त्या आवाजावर मी डोळे मिटून गच्चीवर गेलो असतो. घरी मी तिचं ऐकत नाही अशी तिची तक्रार होती. कामावर मात्र करता आली नाही.

कारखान्यात कुठून कुठून माणसं यायची. कोणाची भाषा कोणाला कळायची नाही. प्रत्येक नव्या माणसाला बायको रिकामी चौकट हातात देऊन अंगणात फिरवायची आणि त्याच हाका शिकवायची. त्यामुळे कोणी घरी काहीही बोलत असो, आरसा उचलला की सगळे "ये, ये, पायरी" करायचे. तिला सगळे वहिनी म्हणायचे, तिच्याहून मोठे होते तेसुद्धा.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. ती आजारी पडल्यावर नव्यांना शिकवायला कोणी उरलं नाही. मी शिकवायला हवं होतं असं काही जण म्हणाले. पण मागच्या माणसाला हाका ऐकता येतात, देता येत नाहीत.

मग मधे एक अपघात झाला. दोघे नवे होते, दोन वेगळ्या भाषांचे. पुढच्याने आपल्या भाषेत थांब म्हटलं, मागचा चालत राहिला. आरसा मधोमध फुटला आणि पुढच्याचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडला. पंचा मीच बांधला होता. म्हणून नियम हवेतून आला असं मी म्हणणार नाही.

नियमाची पाटी महिन्याच्या सुरुवातीला लागली. कामाच्या जागी हिंदी सक्तीची. मालक थकलेत, कारभार त्यांचे जावई बघतात. आम्ही त्यांना पाठीमागे जावईबापू म्हणतो, तोंडावर साहेब. ते दूरचे आहेत, मराठी अर्धी समजते, बोलत नाहीत. त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं की कोणाची भाषा काढून घेत नाही, फक्त एक वर जोडतोय. जेवताना, घरी, फोनवर हवं ते बोला. आरसा हातात असताना हिंदी.

ऐकायला बरोबर होतं. सगळं बरोबर वाटलं म्हणूनच माझं मन खात होतं. बायकोच्या आजारात दवाखान्यात सगळे माझ्याशी असंच समजावून आणि गोड बोलले होते. तेव्हापासून गोड बोलणाऱ्याकडे मी दोनदा बघतो.

त्याच आठवड्यात मालाच्या दारावर कॅमेरा बसला, आवाजसुद्धा टिपणारा. कडा घासणारा आमचा पहिलवान म्हणाला, "कॅमेरा बिचारा नवीन आहे, त्याला मराठी कुठून येणार? त्याच्या सोयीसाठी नियम केलाय." सगळे हसले. मी घरी जाताना त्यावर विचार करत गेलो. आरसा हातात असताना माणसं काय बोलतात? पायरी, डावं, टेकव. पण टेकवल्यावर बोलतात ते वेगळं. मालकाबद्दल, सुट्टीबद्दल, कोणाला काढणार त्याबद्दल. हाकेची भाषा बदलली की हळूहळू टेकवल्यानंतरच्या गप्पांचीही बदलते. मग जावईबापूंना केबिनमध्ये बसून सगळं ऐकता येतं.

दोन दिवसांनी मला केबिनमध्ये बोलावणं आलं. जावईबापूंनी खुर्ची दिली. सोमवारी सगळ्यांसमोर मी पुढे राहून हिंदी हाका देत एक आरसा अंगणातून न्यायचा, असं म्हणाले. तुम्ही सगळ्यांत जुने, तुम्ही केलं की बाकीचे करतील. आणि नसेल जमत तर हरकत नाही, पुसायच्या टेबलावर बसा, वयही झालंय, आराम मिळेल.

बसायला जागा देतो म्हणणाऱ्या माणसाचा मला संशयच येतो. एक तर बायकोच्या हाका मी माझ्याच तोंडाने पुसायच्या, नाहीतर उरलेली नोकरी फडका घेऊन आरसे पुसायचे. मी बघतो म्हणालो आणि बाहेर आलो.

पाटी लागली तेव्हाच माझी जोडी बदलली होती. नवा जोडीदार चाळिशीचा, टकलू, अंगाने दणकट. त्याचं नाव आम्ही रेडिओ ठेवलं होतं, कारण तो दिवसभर बंद असायचा. बोललाच तर स्वच्छ हिंदी बोलायचा. इकडे पाटी लागते आणि तिकडे हिंदी बोलणारा माणूस नेमका माझ्यापुढे येतो. जावईबापूंचा माणूस आहे हे मी तेव्हाच ओळखलं, निदान मला तसं वाटलं. एकदा मी हातमोजे आणायला आत गेलो तर केबिनच्या काचेमागे रेडिओ उभा होता आणि हात हलवून काहीतरी सांगत होता. मला बघितल्यावर तो आणि जावईबापू दोघं गप्प झाले. जो माणूस दिवसभर बंद असतो तो केबिनमध्ये कसा वाजतो, हे मला सांगायला कोणी नको होतं.

त्यानंतर तो पुढून "सीढी" म्हणायचा तेव्हा मी आधी पायाने चाचपायचो, मग पाय टाकायचो. हिंदी मला कळत नव्हती असं नाही. सिनेमे बघून सगळ्यांनाच कळते.

रविवारी मुलगी आली. ती आली की आधी फ्रिज उघडते आणि मला न विचारता अर्ध्या वस्तू फेकते. मी तिला पाटीचं सांगितलं. तिच्या मुलाच्या शाळेतही हिंदी सक्तीची झाली आहे. तिला त्याचं काही वाटत नाही.

"एक भाषा जास्त आली तर बिघडलं काय, बाबा?"

मी म्हणालो, यायला काही नाही, पण सक्ती कशाला? ज्याला सक्ती करावी लागते त्याच्या पोटात काहीतरी असतं.

"आणि आईने काय केलं? कारखान्यातल्या सगळ्यांना मराठी हाकाच शिकवल्या ना? त्यांना विचारलं होतं का?"

"तिने सक्ती केली नव्हती."

"तिच्यापुढे नाही म्हणायची कोणाची टाप होती? तुमची होती?"

मुलगी आईवर गेली आहे. जाताना दारात म्हणाली की सोमवारी करा ना हिंदीत, आईला काही वाटणार नाही. मी म्हणालो, तिला नाही, मला वाटेल. त्यावर तिने चप्पल घालायला जरा जास्तच वेळ लावला.

पण सोमवारचं प्रात्यक्षिक एक दिवस पुढे गेलं, कारण सकाळीच एक मोठा आरसा पोचवायचा निघाला. नाच शिकवणाऱ्या बाईंचा वर्ग होता, दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद आणि मधे वळण. रेडिओ पुढे, मी मागे.

पहिला मजला चढलो. तो हिंदीत सांगत होता आणि मी चाचपत होतो. वळणावर आरसा तिरपा करावा लागला. सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं आणि माझा एक पाय वरच्या पायरीसाठी उचललेला होता. तेवढ्यात पुढून आवाज आला.

"आगु!"

मी असा शब्द आयुष्यात ऐकला नव्हता. पण पाय तिथेच थांबला. चाचपायला नाही गेला, विचारायला नाही गेला. पलीकडे दार धाडकन भिंतीवर आपटल्याचा आवाज आला आणि कोणीतरी बाई म्हणाली, "अय्या, आरसा." वरच्या घराचं दार बाहेर उघडणारं होतं. मी अजून एक पायरी चढलो असतो तर आरशाचा कोपरा बरोबर त्या दारात गेला असता आणि रेडिओ मधे सापडला असता.

आम्ही आरसा भिंतीला टेकवला. आरसा उचलायचा पट्टा हातात धरून दोघं पायरीवर बसलो. त्याचं टक्कल घामाने चमकत होतं. मी विचारलं, काय ओरडलास? तो हिंदीत म्हणाला, आगु म्हणजे थांब. तेलुगू आहे.

"तू तेलुगू?"

"मग काय वाटलं, मामा?"

काय वाटलं होतं ते मी सांगितलं नाही. तो तसा बंद माणूस, पण त्या दिवशी लागला. त्याची हिंदीही कामावरचीच, निरनिराळ्या कारखान्यांत शिकलेली. इथे त्याची भाषा बोलणारं कोणी नाही, म्हणून तो बोलतच नाही. पाटी लागली तेव्हा त्याला बरं वाटलं होतं, निदान सगळ्यांना सारखंच अवघड जाईल म्हणून. मग म्हणाला, "मला हिंदीत काम करता येतं, मामा. घाबरता येत नाही. घाबरलो की आपोआप घरचं तोंडात येतं."

मग विचारलंच, "केबिनमध्ये काय सांगत होतास?"

त्याने लपवलं नाही. तो साहेबांना सांगत होता की मला या मामांच्या जोडीतून काढा. "तुम्ही माझ्या हाकेवर पाय टाकत नाही. आधी चाचपता, मग टाकता. मी पुढे असतो, आरसा माझ्या अंगावर येतो. हात उघडला तर माझा उघडेल."

"मग साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, सोमवारनंतर मामा पुढे चालणार नाहीतर टेबलावर बसणार, दोन्हीकडून तुझं काम होईल."

म्हणजे जावईबापूंनी माझा हिशोब आधीच मांडून ठेवला होता. तो संशय खरा होता. पण रेडिओवरचा खोटा होता, आणि त्या खोट्यामुळे त्याचा हात जाणार होता. उरलेल्या पायऱ्या मी चाचपल्या नाहीत. बाईंनी चहा विचारला, आम्ही नको म्हणालो.

परत येताना गाडीत मी त्याला पायरीला तेलुगूत काय म्हणतात ते विचारलं. मेट्टु. डावं म्हणजे एडमा. उजवं कुडी. हळू म्हणजे मेल्लगा. तो मला परत परत म्हणायला लावत होता आणि ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघत होता.

मंगळवारी सगळे अंगणात जमले. जावईबापू केबिनमधून बाहेर आले. मी म्हणालो, साहेब, मी पुढे चालायला तयार आहे, पण एक गोष्ट बोलायची आहे. हाक पुढच्यासाठी नसते, मागच्यासाठी असते. मागचा आंधळा असतो. म्हणून हाक मागच्याच्या भाषेत द्यावी. जोडी ठरली की पुढच्याने मागच्याच्या चार हाका शिकायच्या. चारच तर आहेत.

जावईबापूंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, आणि सहा माणसांचा आरसा असेल तेव्हा? मागे तीन असतील, तिघांच्या तीन भाषा. तेव्हा कोणाची?

मी पहिलवानाकडे बघितलं, तो आपल्या नखांकडे बघत होता. मी म्हणालो, तेव्हा एक ठरवावी लागेल. हिंदी असली तरी चालेल, पण बसून सगळ्यांनी ठरवावी. पाटी लावून नको.

ते "देखेंगे" म्हणाले. देखेंगे हे मला कोणत्याच भाषेत खरं वाटत नाही. पाटी काढली नाही आणि मला टेबलावर जा असंही म्हणाले नाहीत. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. ते केबिनमध्ये परत गेले आणि काचेमागे उभे राहिले.

मी पुढे गेलो. आरशाची पुढची कड हातात घेतली. या बाजूने सगळं वेगळं दिसतं. अंगण मोठं दिसतं, दार लांब दिसतं, आणि पाठीमागे एक माणूस आपल्या भरवशावर उभा आहे हे मानेला कळतं. बायको इतकी वर्षं हे करत होती आणि घरी येऊन नुसतं पाय दुखतात म्हणायची.

"मेल्लगा," मी म्हणालो. मग जरा मोठ्याने परत म्हणालो. रेडिओने उचललं. आम्ही निघालो. दोन शब्दांच्या मधे माझ्या तोंडातून "ये… ये…" जात होतं. ते कोणत्या भाषेत बसत नव्हतं, पण मागून पाय बरोबर पडत होते.

"मेट्टु… ये… एडमा… ये… ये…"

दारापाशी आलो आणि समोर उंबरा दिसला. चांगला वीतभर उंच. त्याचा शब्द मी विचारलाच नव्हता.

"आगु," मी म्हणालो. तो जागच्या जागी थांबला.

मागून आवाज आला, "क्या हुआ, मामा?"

काचेमागे जावईबापू बघत होते. बघू देत म्हटलं. मी मान वळवली आणि रेडिओला हिंदीतच विचारलं, तुमच्याकडे उंबऱ्याला काय म्हणतात.