भूगोलाचा बदली तास

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सातवी ‘ब’वर बदली शिक्षक पाठवण्यात आले. वर्गात शिक्षिका हजर होत्या.

चूक मुख्याध्यापकांची होती, पण तिला कारण होतं. भूगोलाच्या बाई शिकवू लागल्या की फाटकावरच्या शिपायालाही नद्यांची नावं पाठ व्हायची. मुलांनी त्यांचं नाव ‘भोंगा’ ठेवलं होतं आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्या शुक्रवारी व्हरांड्यातून जाताना मुख्याध्यापकांना वर्गातून अवाक्षर ऐकू आलं नाही. बाई आल्या नसाव्यात असं समजून त्यांनी चित्रकलेच्या सरांना धाडलं.

सरांचा त्या आठवड्यातला हा तिसरा मोकळा तास बुडाला होता. ते तणतणत आत शिरले आणि थबकले. बाई फळ्यावर नदीचा उगम दाखवत कुजबुजत होत्या. अख्खा वर्ग कान टवकारून पुढे वाकला होता.

बाईंच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी दीड महिना तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. शाळेत त्यांनी हे कुणाच्याही कानावर घातलं नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं: कचेरीतलं काम मागून घे, पंख्याखाली खुर्ची, घसाफोड नाही, लोक त्यासाठी वशिला लावतात. बाईंना त्या खुर्चीचीच धास्ती होती. गुडघे दुखतात म्हणून इतिहासाच्या बाई दोन महिन्यांसाठी परीक्षा विभागात गेल्या, त्याला चार वर्षं झाली. वर्ग परत मागितला की त्यांना ‘बघू’ एवढंच उत्तर मिळायचं. आता त्या मागत नाहीत. मधल्या सुट्टीत मैदान दिसेल अशा खिडकीशी डबा खातात.

“बाई, माझा तास गेला तो गेला,” सर म्हणाले, “पण भोंगा बिघडलाय हे आधी कळवायचं तरी.”

वर्ग हसला. बाईही हसल्या आणि त्यातून खोकल्याची उबळ आली ती थांबेना. आवाज ऐकून मुख्याध्यापक दारात आले.

त्यांनी बाईंना बाहेर बोलावून सगळं विचारून घेतलं. माणूस वाईट नव्हता. सोमवारपासून परीक्षा विभागात बसा, घशाला आराम मिळेल, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

“आणि माझा वर्ग?” बाईंनी विचारलं. त्यांना ते दोनदा विचारावं लागलं.

“आधी आवाज येऊ दे. मग बघू.”

दुपारी चित्रकलेचे सर मुख्याध्यापकांकडे गेले. सातवी ‘ब’चा भूगोल कुणा नव्या शिक्षकाला नेमून देऊ नका, माझ्या नावावर रोज बदली तास म्हणून लावा, असं त्यांनी सांगितलं. नेमलेला तास परत मिळत नाही, बदलीचा मूळ शिक्षकाला परत द्यावा लागतो, हे दोघांनाही माहीत होतं. मोकळ्या तासावरून सगळ्यात जास्त कुरकुर तुमचीच असते, याची मुख्याध्यापकांनी आठवण करून दिली.

“कुरकुर चालूच राहील, सर,” चित्रकलेचे सर म्हणाले. “नकाशे मात्र माझे चांगले येतात.”

शनिवारी शाळा सुटताना सोमवारचं वेळापत्रक सूचनाफलकावर लागलं. परीक्षा विभागात बाईंचं नाव होतं. सातवी ‘ब’च्या दुसऱ्या, भूगोलाच्या तासाचा चौकोन कोरा होता. चित्रकलेच्या सरांनी जाता जाता बदली तासाचं पुन्हा विचारलं.

मुख्याध्यापक म्हणाले, “बघू.”