बाकावरच्या रूडी वास्कोचा पत्ता

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा एक जुना पत्ता आहे. राजा नाही, राणी नाही, जोकरही नाही. टेबलावर फासे टाकून खेळायच्या बेसबॉलमधला मी एक खेळाडू. माझ्या डोक्यावर नाव छापलं आहे, रूडी वास्को. त्याखाली क्लीव्हलंड, १९५४, आणि त्याखाली आकड्यांच्या रांगा: फाशांवर जो आकडा पडेल, त्यापुढे छापलेलं माझ्या हातून घडतं. आणि आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुम्ही मला लबाड म्हणायला नको: मी खोटा आहे.

त्यात माझा दोष नाही. माझा माणूस, म्हणजे खराखुरा रूडी वास्को, त्या वर्षी क्लीव्हलंडच्या संघात होता आणि सगळा उन्हाळा बाकावर बसून होता. सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या, टरफलं थुंकायची, दुसऱ्यांच्या बॅटी पुसायच्या. सप्टेंबरमध्ये संघाचा पहिला नंबर पक्का झाला, बड्या मंडळींना विश्रांती द्यायची होती, तेव्हा मॅनेजरला त्याची आठवण झाली. त्याला सात वेळा बॅट मिळाली. त्यात चारदा त्याने चेंडू असा मारला की पोचला तो सुखरूप बेसवर. मग अंतिम मालिका आली, आधी चार सामने जिंकेल तो विजेता. वर्षभर सगळ्यांना धूळ चारणारा क्लीव्हलंडचा संघ तिथे ओळीने चार सामने हरला. रूडी चारही दिवस बाकावरच होता. पुढच्या वसंतात त्याला घरी पाठवलं आणि तो लोरेनच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर लागला. संपली त्याची कारकीर्द.

बऱ्याच वर्षांनी हा खेळ बनवणाऱ्या एका हिशेबी माणसाने त्या हंगामातल्या प्रत्येक खेळाडूचा पत्ता तयार केला. बेसबॉलमध्ये दहांतून तीनदा ज्याला जमतं त्याला लोक डोक्यावर घेऊन नाचतात. थोरामोठ्यांनी शेकडो वेळा बॅट धरून, घाम गाळून जे कमावलं, ते त्यांच्या पत्त्यांवर छापलं गेलं. माझ्या माणसाचं काय छापायचं? सातांत चार. तेच छापलं. त्यामुळे त्या खोक्यात माझ्यासारखा फलंदाज दुसरा नव्हता. जगात कधी जन्मलाच नाही असा फलंदाज मी, आणि तो कशामुळे, तर कोणी मला फारसं खेळवलंच नाही म्हणून.

हा खेळ खेळणारी माणसं आमच्यासारख्या पत्त्यांना पुरती ओळखून असतात. त्यांचा नियम सरळ आहे. त्या वर्षी ज्याला जितक्या वेळा बॅट मिळाली तितक्याच वेळा द्यायची, त्याच दिवशी द्यायची. एक वेळ जास्त दिली तर सगळा हंगाम बोगस. माझं आयुष्य म्हणजे हा नियम, मित्रांनो. सात वेळा उजेड, बाकी अंधार.

मला विकत घेतलं लोरेनच्याच क्लेटस ओरावेकने. हा त्याच कारखान्यात क्रेन चालवायचा, रूडीचा जुना दोस्त. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा क्लेटस घरी बसला आणि त्याने तळघरात टेबल मांडलं. त्याला चोपन्न सालचा सगळा हंगाम पुन्हा खेळायचा होता. एकेक सामना, एकेक चेंडू. का, ते तो कोणाला सांगायचा नाही, पण खोक्यातल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या चौथ्या पराभवानंतर त्याच्या बापाने रेडिओवर चादर टाकली आणि मरेपर्यंत काढली नाही. क्लेटसला फाशांकडून वदवून घ्यायचं होतं की ते चार पराभव हा अपघात होता. आणि ते वदवायचं तर खेळ स्वच्छ हवा. म्हणून तो नियमाला इतका कडक. फासा टेबलावरून घरंगळून जमिनीवर पडला तर गुडघे धरत वाकून उचलायचा, पण जमिनीवरचं दान कधी धरायचा नाही.

रूडी दर रविवारी चर्चमधून थेट तळघरात यायचा. बरोबर पिरोहींचा, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा डबा. पायरीवर बसून खायचा आणि क्लेटसची चेष्टा करायचा. वर्षं अशी गेली. अखेर टेबलावर सप्टेंबर उगवला आणि मला बाहेर काढलं.

काय सांगू? फाशांनी मला उभा जाळला. सातही वेळा आउट. माझ्या अंगावर आउटचे आकडे निम्म्याहूनही कमी, आणि दर वेळी नेमके तेच पडले.

रूडी हसला, पण डबा बंद करून बाजूला ठेवला.

"मारलंस की रे मला, क्लीट."

"मी नाही. फाशांनी."

"चार होते ते. आख्ख्या आयुष्यात चार. तेही खाल्लेस?"

"जसं झालं तसंच व्हायचं असेल तर खेळायचं कशाला?"

"बरोबर आहे," रूडी म्हणाला. "तुझ्या तोंडाला लागून कोण जिंकलंय."

क्लेटसने मला खोक्याच्या तळाशी ठेवलं. माझ्या सात वेळा संपल्या होत्या.

त्यानंतर टेबलावरचं क्लीव्हलंड अंतिम मालिकेत पोचलं. तेवढ्यात रूडीची फुप्फुसं गेली. भट्टीची धूळ कुणाला सोडत नाही. तो एक एक पायरी थांबून उतरायचा, नाकात नळी, हातात प्राणवायूची चाकांची टाकी. क्लेटसची मुलगी डोरीन ती टाकी मागून उचलायची.

पहिला सामना हरले. दुसरा हरले. तिसऱ्यात तर अर्ध्यातच धुलाई झाली होती. जिंकायची काडीचीही आशा नव्हती. तेव्हा रूडी म्हणाला,

"क्लीट, हा सामना गेलाच आहे. एकदा उठव मला बाकावरून."

क्लेटसने मान वर केली नाही. "मालिकेत तू खेळला नाहीस."

"मला माहितीय. मी होतो तिथे. तू नव्हतास."

"मग विचारतोस कशाला?"

"डॉक्टर म्हणतो पुढचा उन्हाळा दिसायचा नाही, म्हणून विचारतो, गाढवा. एकदा. आउट झालो तर झालो. तुझं काय जातंय?"

"नियम जातो."

डोरीन कॉफी घेऊन जिन्यात उभी होती. "बाबा, पुठ्ठ्याचा तुकडा आहे तो. उचला आणि ठेवा टेबलावर."

"एवढी वर्षं मी एक दान खोटं धरलं नाही," क्लेटस म्हणाला. "आज मैत्रीखातर धरलं, तर उद्या जिंकून उपयोग काय? कोण मानेल?"

"कोण विचारायला बसलंय तुला?" रूडी म्हणाला आणि टाकी ओढत उठला. त्या दिवशी पिरोहींचा डबा पायरीवर तसाच राहिला.

मी तळाशी पडून हे ऐकत होतो. मित्रांनो, पुठ्ठ्याला हात नसतात. असते तर मी खोक्याचं झाकण फाडलं असतं. माझा माणूस वर खोकत होता, एक वेळ मागत होता, फुकटची, बिनकामाची, आणि त्याला नियम ऐकवला जात होता. नियम बनवणारे कधी बाकावर बसलेले नसतात, म्हणून त्यांना तो इतका सुंदर वाटतो.

चौथ्या सामन्याला क्लेटस अडला. मालिका एकट्याने खेळायची नाही, साक्षीदार हवाच, असा त्याचा आणखी एक नियम. त्याने डोरीनला रूडीकडे पाठवलं. तिने काय सांगितलं कोण जाणे, पण रूडी आला. आता तो पायरीवर बसू शकत नव्हता. त्याला खुर्ची दिली.

सामना अटीतटीचा झाला. शेवटचा डाव, क्लीव्हलंड दोन धावांनी मागे, दोघे बेसवर, दोघे आउट. एक लांब फटका बसून चेंडू मैदानाच्या भिंतीपलीकडे गेला तर सामना खिशात. तिसरा आउट झाला तर पुन्हा तेच, ओळीने चार. पुढचा फलंदाज होता एक साधा, बॅट जेमतेम धरणारा गडी.

क्लेटस त्याच्या पत्त्याकडे बघत बसला. मग त्याचा हात खोक्यात शिरला, तळापर्यंत गेला आणि मला वर घेऊन आला.

रूडीने माझ्यावरचं आपलं नाव वाचलं.

"आता?"

"आता."

"नियम कुठे गेला?"

"खड्ड्यात."

"मी मागत होतो तेव्हा मी बोगस होतो. आता तुझं क्लीव्हलंड बुडायला लागलं, तर मी वाघ झालो होय?"

"हो," क्लेटस म्हणाला. "खोटं बोलू का तुझ्याशी? तुझा पत्ता सगळ्यांत भारी आहे आणि मला जिंकायचंय. बस."

"मी इतका भारी कधीच नव्हतो, क्लीट. समोरचे दमलेले होते, वारा माझ्या बाजूचा होता. तो पत्ता खोटा आहे."

"माहितीय."

"मला तुझ्यापेक्षा जास्त माहितीय."

क्लेटसने मला परत ठेवायला हात मागे घेतला. "मग नको तर नको."

"नको कोण म्हणालं? फासे इकडे दे." रूडीने श्वास घेतला, त्याला वेळ लागला. "पण आधी नाव घे. मोठ्याने. रेडिओवर घ्यायचे तसं. त्या चार दिवसांत माझं नाव कुणीही घेतलेलं नाही."

क्लेटस ओरावेक हा आयुष्यभर क्रेनच्या पिंजऱ्यात एकटा बसलेला माणूस. त्याला मोठ्याने बोलायची सवय नाही. तो उभा राहिला, घसा साफ केला.

"आता बॅटिंगला येतोय," तो म्हणाला, आणि आवाज फुटला. पुन्हा म्हणाला, "आता बॅटिंगला येतोय क्लीव्हलंडचा... रूडी वास्को."

डोरीनने जिन्यातून दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

रूडीने फासे टाकले. मी माझ्या अंगावरचे सगळे चांगले आकडे आवळून धरले. पण आकडे आवळून धरता येत नाहीत. ते छापलेले असतात. फासे थांबले. क्लेटस माझ्यावर वाकला, बोट रांगेवरून खाली नेलं आणि तिथेच ठेवलं.

"वाच," रूडी म्हणाला.

"सेंटर फील्डला उंच चेंडू. झेल. आउट."

क्लेटस खाली बसला. नियमही गेला होता आणि मालिकाही. त्याने कपाळ टेबलावर टेकलं, बाकीचे पत्ते इकडेतिकडे सरकले. फक्त टाकीतून हवा येत होती.

मग रूडी हसायला लागला. हसता हसता खोकला आला, डोरीन धावली, त्याने तिला हाताने थांबवलं.

"आउट झालो," तो म्हणाला. "मालिकेत आउट झालो रे मी."

क्लेटस तसाच.

"क्लीट. ए म्हाताऱ्या. चेंडू लांब गेला होता का?"

क्लेटसने डोकं उचललं. त्याच्या कपाळावर टेबलाचा वण उमटला होता. माझ्यावर लांब की जवळ असं काही छापलेलं नाही, मित्रांनो. उंच चेंडू, झेल, आउट, एवढंच. क्लेटसला ते माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"भिंतीपर्यंत," तो म्हणाला. "भिंतीला पाठ लावून धरला त्याने."

"वाटलंच मला," रूडी म्हणाला.

ईस्टरच्या आधी रूडी गेला. क्लेटस अंत्यविधीहून परतला आणि त्याने खोकं उघडलं नाही. पुढे त्याचे गुडघे गेले, डोरीन त्याला आपल्या घरी घेऊन गेली, तळघर रिकामं झालं, आणि आम्ही चर्चच्या बाजारात जुन्या कपबश्यांशेजारी जाऊन पडलो. तिथून मला एका शौकीन माणसाने उचललं. बाकीचे पत्ते त्याने टाकून दिले. अंगठ्यांच्या मळाने ते काळे पडले होते, कडा मऊ झाल्या होत्या. माझ्या कडा मात्र धारदार. त्याने मला जाड प्लास्टिकमध्ये बंद केलं आणि भिंतीवर लावलं. पाहुणे आले की सांगतो, "बघा, कोरा करकरीत. कोणी वापरलेलाच नाही." आणि पाहुणे माना डोलावतात. जणू ही माझी शोभा आहे. अरे, ही माझी शिक्षा आहे.

माझ्यासारखे जुने पत्ते, जुन्या वस्तू आपलं मनोगत सांगतात तेव्हा शेवटी म्हणतात, आमची नीट निगा राखा. मी नाही म्हणणार. माझी निगा राखू नका. हे प्लास्टिक फोडा, मला टेबलावर आपटा, माझ्यावर कॉफी सांडा. मळू द्या मला.

आणि तुमच्या वर्गात, तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत कोणीतरी बाकावर बसलेला असेल. तुम्ही बुडायला लागल्यावर त्याला हाक मारू नका. त्याचा काही उपयोग नसेल, सामना हातचा गेलेला असेल, तेव्हा त्याचं नाव घ्या, मोठ्याने, आणि बॅट द्या त्याच्या हातात. तो बहुतेक आउट होईल.

होऊ द्या.