सफेद्याखालचा चेहरा

मी पत्रा. सहा फूट लांब, चार फूट उंच, सागाच्या चौकटीत ठोकलेला. पत्रा बोलतो म्हणून नवल करू नका. इतक्या नायक-नायिकांनी माझ्या अंगावर आसवं गाळलीत, की दोन शब्द बोलायचा हक्क मलाही आहे. आणि बोलायला कारणही तसंच आहे. एका म्हातारीवर आळ आलाय. तो खोटा आहे, हे तिच्याशिवाय फक्त मला माहीत आहे.

मंगरूळपीरच्या टॉकीजसाठी इब्राहीम पेंटरने मला बनवून घेतलं. एस. टी. स्टँडासमोर मी उभा असायचो. दर शुक्रवारी सिनेमा बदलायचा आणि माझं रूपही. काम करायची रीत अशी की जुनं चित्र खरवडायचं नाही, वरून सफेद्याचे दोन हात मारायचे आणि नवं काढायचं. थर फारच चढले, तर सहा महिन्यांतून एकदा खरवडायचं. सफेदा मारायचं काम इब्राहीमच्या पोरीकडे, उमेराकडे. हात असा सरळ चालायचा तिचा, की एक ओघळ दिसेल तर शपथ.

आता गंमत ऐका. सिनेमाची चित्रं काढणाऱ्या या माणसाने सिनेमे फार पाहिलेच नाहीत. पाहणार कधी? सिनेमा लागायच्या आधी बोर्ड लागायचा. बाहेरून छापील पोस्टर यायचं, त्यावर चौकोन आखून तो ते मोठं करायचा. पण चेहऱ्यावरचा भाव घ्यायचा गाण्यातून. उमेरा टेप लावायची. गाणं रडकं असलं की निळ्यात काळा मिसळायचा, उडतं असलं की पिवळ्याचा डबा उघडायचा. "पोस्टर खोटं बोलते, गाणं नाई," असं म्हणायचा. घरात ते उर्दू बोलत, बाहेर वऱ्हाडी. मी पत्रा, मला सगळं सारखंच, म्हणून त्यांचं घरातलं बोलणंही वऱ्हाडीतच सांगतो.

एका आठवड्यात पोस्टर आलंच नाही. आली फक्त गाण्यांची कॅसेट, गावभर ऑटो फिरवून सिनेमा पुकारायला. दुसरा एखादा पेंटर नुसती मोठी अक्षरं काढून मोकळा झाला असता. पण इब्राहीमला खुमखुमी होती ना. त्याने उमेराला टेप लावायला सांगितलं. त्यात एक संथ गाणं होतं, कोणीतरी वाट पाहत बसल्याचं. उमेरा पाटावर बसून ते पुन्हा पुन्हा मागे घेत होती, आणि तो काढत होता. हिरवी ओढणी, कानात झुमका, किंचित वाकडी मान. दोन दिवस त्याने जेवणाकडे पाहिलं नाही.

मी तोवर शेकडो चेहरे अंगावर घेतले होते, पण तसा एकही नव्हता. आणि खरं सांगायचं तर ती उमेराच होती. पेंटरचा हात समोरचं उचलतो, डोक्याला पत्ता नसतो. इब्राहीमला कळलं नाही. उमेराला कळलं. रंग वाळत होता तेव्हा ती माझ्यासमोर उभी राहिली, स्वतःच्या नाकावरून बोट फिरवलं, आणि बापाला काही सांगितलं नाही. एकोणीस वर्षांची पोर. तिचं चित्र आजवर कोणी काढलं नव्हतं. तिला ते आवडलं, बस्स. यात गुन्हा काय, तुम्हीच सांगा.

नेमके त्याच रविवारी मेडशीहून पाहुणे आले, उमेराला पाहायला. एस. टी.तून उतरले ते थेट माझ्यापुढे. मुलाची खाला, म्हणजे मावशी, माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. तेव्हा मला वाटलं, चित्र आवडलं असेल बाईला.

पुढचं मी स्टँडावरच ऐकलं, परत जाताना ते माझ्याच सावलीत बसची वाट पाहत होते. आतल्या खोलीत उमेरा शरबत घेऊन आली, तशी ही खाला म्हणाली होती, "ही पोरगी तं आमी आत्ताच स्टँडावर पाह्यली. सारं गाव पाहून राह्यलं तिले."

मुलाच्या मामूने बाहेर इब्राहीमला एवढंच सांगितलं होतं, "भाई, घरातली पोरगी टॉकीजच्या बोर्डावर नाई शोभत." आणि ग्लास तसाच ठेवून उठला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बस गेल्यावर इब्राहीम आला. माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठे त्याला दिसलं की आपण काय काढलंय. मग हातगाडीवर घालून मला घरी आणलं, अंगणात टेकवलं, आणि तोंड लपवल्यासारखा मशिदीकडे निघून गेला.

घरात सुगराबी, त्याची बायको, चुलीपुढे होती. तिने उमेराचा शाळेतला फोटो घरातून शोधून काढला आणि जाळात टाकला. एकच होता. "आता या पोरीची तसबीर म्हून नको कुठं," म्हणाली. हे साऱ्या घराने पाहिलं.

साऱ्या घराने पाहिलं नाही ते हे. उमेरा उलथनं घेऊन अंगणात आली. रंग अजून कच्चा होता. तिने आपला चेहरा खरवडला. कपाळ, डोळे, नाक, ओठ, खालचे जुने थरसुद्धा, पार माझं लोखंड उघडं पडेपर्यंत. रडली नाही. ओढणीला, केसांना, झुमक्याला हात लावला नाही. मग नेहमीसारखे सफेद्याचे दोन हात मारले. सुगराबी दारात उभी राहून पाहत होती. पोरीला ते कळलं नाही, आणि सुगराबीने कधी ओठही हलवला नाही.

इब्राहीम आला तेव्हा मी पांढराफटक. नेहमीसारखा सफेदा मारला असेल, असं तो समजला. त्यानंतर त्याने मला टॉकीजकडे नेलं नाही, त्या कामाला दुसरा पत्रा आणला. टेप पुन्हा लागला नाही. उमेराला दुसरं स्थळ आलं नाही. पाच वर्षांनी कावीळ झाली, झाडपाल्यात दिवस गेले, दवाखान्यात नेली तेव्हा उशीर झाला होता. चोवीस वर्षांची गेली.

माझ्यावर मग उमेराच्या भावाच्या, अजहरच्या, सायकल दुकानाची पाटी आली, आधी निळी, नंतर लाल. दुकान मोडलं, मी बकऱ्यांच्या कोठ्यावर छप्पर म्हणून चढलो. टॉकीजही बंद पडली. बकऱ्या बिचाऱ्या चांगल्या. चित्राविषयी कधी काही बोलल्या नाहीत.

यंदा उन्हाळ्यात एका सकाळी इब्राहीम कोठ्याशी आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढलेला. सुगराबी दाणे टाकत होती. तिला म्हणाला, "सुगरा, पोरीचं नाक कसं होतं व? मले आवाज आठवते, हात आठवते. तोंड नाई आठवत."

सुगराबी म्हणाली, "तुमच्यावानीच होतं." तो आरशात पाहून आला. "नाई," म्हणाला, "असं नोतं."

ज्या माणसाने जन्मभर चेहरे काढले त्याला एक चेहरा आठवेना, आणि तोही हा. मग त्याच्या ध्यानात आलं की तो माझ्याजवळ आहे. अजहरने मला खाली उतरवलं. टर्पेंटाइनचा बोळा आणि ब्लेड घेऊन म्हातारा रोज सकाळी बसू लागला. लाल गेला, निळा गेला. बोटांची सालपटं निघाली. सफेद्याखालून हिरवी ओढणी दिसली तेव्हा त्याने सुगराबीला हाक मारली, "ये व, पाह्य, पोरगी येऊन राह्यली."

सुगराबी आली नाही. स्वयंपाकघरातून म्हणाली, "राहू द्या आता. डोळे जातीन." मला तेव्हा ओरडावंसं वाटत होतं, पण पत्रा ओरडतो तो वाऱ्याने, मनाने नाही.

केस आले. झुमका आला. मग ब्लेड लोखंडावर करकरलं. त्याने तिथे बोळा फिरवला, परत फिरवला. नुसते ओरखडे आणि गंज. दुपारपर्यंत तो त्या जागेवरून हात फिरवत बसला. मग आत जाऊन त्याने सुगराबीला विचारलं. आवाज चढवला नाही.

"फोटो तूनंच जाळला होता. हेबी तूनंच खरवडलं ना?"

सुगराबी तुरीची डाळ निवडत होती. पोरीने आपल्याच हाताने आपलं तोंड पुसलं, हे त्याला कळलं तर तो आठ दिवस जगणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने डाळीवरून नजर उचलली नाही.

"व्हय," म्हणाली. "म्याच खरवडलं."

त्याला आता पाच महिने झाले. इब्राहीम तिच्या हातचं पाणी पीत नाही. अजहरची बायको ताट नेऊन देते. पन्नास वर्षांचा संसार, आणि दोघं एका अंगणात दोन टोकांना बसतात. मी मधल्या भिंतीला टेकलेला. रोज ती चहाचा कप त्याच्याजवळ ठेवते, रोज तो गार होतो, रोज ती उचलून नेते. मला हे पाहवत नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडतो. मंगरूळला कधी आलात, तर त्या म्हाताऱ्याला सांगा की उलथनं सुगराबीच्या हातात नव्हतं. फक्त सांगण्याआधी तिला कुठेतरी दूर पाठवा. ती समोर असली तर तुम्हालाच खोटं पाडेल.