किल्लीवाली ताई निघाली

किल्ल्या करणाऱ्या बाईला अख्खा बाजार ताई म्हणायचा. दार लागून घराबाहेर अडकलेली माणसं घाम पुसत तिच्याकडे यायची, आणि ताई पिशवीतून बारीक सळ्या काढून, गप्पा मारता मारता दार उघडून द्यायची. कुठलंच कुलूप तिच्यापुढे फार वेळ नखरे करत नसे. त्याच हुशारीने तिचा घात केला होता. कुलूप किती सहज उघडतं हे जिला ठाऊक, तिने आपल्या घराला कुलूप लावून जावं तरी कसं?

धाकटी बहीण नर्स होती. नोकरी संपल्यावर जग बघायचं, आणि तेही ताईबरोबरच, असं तिने ठरवलं होतं. पहिल्या खेपेला ताई टॅक्सीतून माघारी फिरली, दुसऱ्या खेपेला चक्क विमानतळाच्या दारातून. "कुलूप नीट लागलं नाही गं!" दोन्ही वेळा धाकटीही तिच्यामागोमाग परत आली. यंदा मात्र म्हणाली, "ताई, माझे गुडघे कुरकुरायला लागलेत. आता नाही, तर कधीच नाही."

ते ताईच्या जिव्हारी लागलं. या पोरीने जन्मात एकच हट्ट केला, आणि आपण तोही पुरवू नये?

निघायच्या सकाळी तिने कुलूप लावलं, ओढून पाहिलं. जिना उतरली, परत चढली. किल्ली घालून उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा ओढलं. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवून वैतागला, तेव्हा कुठे बाई धावत सुटल्या.

विमानतळावर बॅग वजनाच्या पट्ट्यावर ठेवली आणि फोन वाजला. शेजारचे मास्तर होते.

"अहो ताई, किल्ली कुलपातच लटकतेय तुमची!"

आता काय म्हणावं या बाईला! तपासण्याच्या नादात किल्लीच दाराला ठेवून आली. धाकटीने निमूटपणे ताईची बॅग पट्ट्यावरून खाली घेतली. सवयच झाली होती बिचारीला.

ती सवय पाहून ताईला स्वतःची लाज वाटली, मग स्वतःचाच राग आला. जन्मभर ज्याची धास्ती घेतली ते तर होऊनही गेलं होतं. घर उघड्यासारखंच होतं आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं.

"मास्तर," ती म्हणाली. "किल्ली काढून तुमच्याकडे ठेवा. आणि फ्रिजमधलं दूध घेऊन जा, नासेल उगाच."

"म्हणजे? तुम्ही येत नाही का परत?"

"येणार की! जग बघून येते."

तिने फोन ठेवला, धाकटीच्या हातातून बॅग ओढून घेतली आणि पट्ट्यावर आदळली. धाकटी बघतच राहिली. मग डोळे पुसत मागच्या अनोळखी माणसाकडे वळली आणि कुणी विचारलं नसताना म्हणाली, "ही माझी थोरली बहीण."