मी भिंगरी, मी थरथरणारच

"जास्त आवाज करू नकोस. इथे आवाज करणारं यंत्र सगळ्यात आधी भंगारात जातं." मला खोक्यातून बाहेर काढलं जात होतं आणि माझ्या जागेवरचं जुनं यंत्र दाराबाहेर चाललं होतं, तेव्हा जाता जाता ते मला हे बजावून गेलं. मी ते कानाआड केलं. मित्रांनो, त्याचा मला आजही पस्तावा नाही.

मी आहे रक्त फिरवणारं यंत्र. इथे सगळे मला भिंगरी म्हणतात, म्हणून मीही स्वतःला 'ती'च समजते. झाकणाच्या पातेल्यासारखी माझी गोल काया, आत चकती, चकतीत नळ्या ठेवायच्या खोबणी. मी गरगर फिरले की नळीतलं गोठलेलं रक्त तळाशी बसतं आणि वर पिवळसर, नितळ पाणी उरतं. त्या पाण्यात हजारो तऱ्हेची प्रथिनं असतात. त्यांच्यात आजाराची खूण शोधायची, हे आमच्या खोलीचं काम. इस्पितळाच्या लांबलचक पॅसेजच्या टोकाला ही खोली आहे.

हे काम नाजूक आहे. औषधाची बाटली हलवावी तशी नळी खळखळवली, की रक्ताच्या पेशी फुटतात. त्यांच्या पोटातलं सगळं वरच्या पाण्यात सांडतं, पाणी गुलाबी होतं, आणि मग आजाराची खूण कुठली नि सांडलेलं कुठलं, हे कोणालाच सांगता येत नाही. रक्त आधी अर्धा तास उभं ठेवून गोठू द्यावं लागतं. गार ठेवलेलं बरं, असं समजून कोणी ते लगेच बर्फात खुपसलं, तरी बिघडतं. घाई त्याला सोसत नाही.

माझा हट्ट एवढाच, की समोरासमोरच्या खोबणीत सारखं वजन हवं. एकच नळी असेल, तर तिच्यासमोर तेवढंच पाणी भरलेली नळी ठेवायची. वजन कमीजास्त झालं, की मी थरथरते, खडखडते आणि आपोआप थांबते. यावर माणसांनी उपाय काय शोधला होता, ठाऊक आहे? झाकणावर दोन्ही हात ठेवून मला दाबून धरायचं! वर "लाडात आलीय" म्हणून हसायचं. ज्या दिवशी निमूट फिरले, त्या दिवशी "गुणाची गं माझी भिंगरी." म्हणजे मी गुणाची कधी, तर गप्प असेन तेव्हा.

मग ती पिटुकली आली. हे नाव तिला आमच्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी दिलं. रोज सकाळी तिचे गुडघे सुजायचे. अशा मुलांच्या रक्तात सूज येण्याआधीच एखादं प्रथिन वाढतं का, हे आमच्या खोलीचे प्रमुख डॉक्टर, म्हणजे आमचे सर, शोधत होते. ते सापडलं, तर पुढच्या मुलांना वेळेवर औषध मिळणार होतं. पण पिटुकलीच्या शिरा दोऱ्यासारख्या. एका हातात सुई टोचून झाली, दुसऱ्याही हातात झाली, तेव्हा कुठे अर्धी नळी रक्त मिळालं. एवढं होऊन ती रडली नाही. दुखलं का, असं आईने विचारलं, की मान हलवून नाही म्हणायची.

रक्त गोठल्यावर ताईंनी ती नळी माझ्यात ठेवली. समोर नेहमीची पाण्याची नळी, नेहमीसारखी काठोकाठ भरलेली. मी फिरायला लागले आणि लगेच थरथरून थांबले. ताईंनी पुन्हा बटण दाबलं. मी पुन्हा थांबले.

"हिचे दिवस भरले," सर म्हणाले. "वरून दाबून धरा, फिरेल."

ताईंनी झाकणावर हात टेकले. मी टेबलासकट हादरले. तशीच फिरले असते, तर ती नळी तडकली असती, नाहीतर आतलं सगळं ढवळून निघालं असतं. मी नाही फिरले. दाबा, काय दाबायचं ते!

सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मुलीला परत खुर्चीत बसवायला सांगितलं. दुसरी नळी घेऊ म्हणाले. दाराशी उभी असलेली आई पुढे आली.

"दुसरी कुठून घेणार, डॉक्टर? दोन्ही हातांची चाळण करून झालीय तुमची. तिला काय नळ बसवलाय, सोडला की भरली बादली?"

सर काही बोलणार, तेवढ्यात पिटुकली आपण होऊन खुर्चीत जाऊन बसली. कोणी सांगायच्या आत तिने फ्रॉकची बाही वर सरकवली आणि हात पुढे केला.

ताईंनी माझ्यावरचे हात काढले.

"थांबा सर. ही उगाच नाही अडून बसली." त्यांनी झाकण उघडलं, दोन्ही नळ्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या आणि कपाळावर हात मारला. "अहो, हिचं रक्त अर्धीच नळी आहे. मी पाण्याची सवयीने भरलेलीच ठेवली."

पाणी कमी केलं, दोन्ही नळ्या तोलून पाहिल्या. मग मी फिरले, अशी की टेबलावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणीही हललं नाही. वरचं पाणी नितळ पिवळं निघालं. ताईंनी ते छोट्या छोट्या कुप्यांत वाटून अतिथंड कपाटात ठेवलं, म्हणजे एका तपासणीसाठी सगळंच वितळवायला नको. पिटुकलीची बाही आईने खाली ओढली.

आता माझ्या जागी नवं यंत्र आलंय. वजनातला थोडाफार फरक ते मुकाट्याने सोसतं. मी टेबलाखाली, अंगावर धूळ घेऊन. उद्या मोडीत निघेन, तर निघेन. पण मोडीत निघताना मला कोणी "निमूट होती बिचारी" म्हटलं, तर तो मी माझा अपमान समजेन.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. माझा खडखडाट तरी ऐकू यायचा. तुमच्या वर्गात, तुमच्या जिन्यात एखादी मुलगी असेल, दंडावर कापूस चिकटवून येणारी, काही विचारलं की मान हलवणारी. आज तिच्याकडे डोकावून या. दुखतंय का, विचारा. ती नाही म्हणेल. तरी लगेच निघू नका, थोडा वेळ तिच्याजवळ बसा.