पाणीमोर्चाचा देखावा

यंदा आमच्या उलव्याच्या सोसायटीत गणपतीपुढे देखावा कसला, तर आमच्याच पाणीमोर्चाचा. मे महिन्यात आमचा पाण्याचा टँकर कुठल्याशा बांधकामावर वळवत होते, तो आम्ही बायकांनी भर रस्त्यात अडवला. तेव्हापासून नळाला नीट पाणी येतं. इथवर ठीक. पण देखाव्यात टँकरपुढे हात उंचावून एकटी कोण उभी? तर चौथ्या मजल्यावरची राजेश्वरी. पिवळा ड्रेस, टिकली, सगळं हुबेहूब. आणि आम्ही बाकीच्या? दिवाळीच्या किल्ल्यातले उरलेले मावळे.

अहो, सातही मजले चढून दारं कोणी वाजवली? मी. पोळ्या राहू देत, आधी खाली चला, असं कोण ओरडत होतं? मीच, ही सुमेधा. राजेश्वरी ऑफिसला निघाली होती, म्हणून तेवढी इस्त्रीच्या ड्रेसमध्ये. पेपरात फोटोही तिचाच. जळते मी तिच्यावर, हो, जळते. देखावा करणाऱ्या निशांतला विचारलं, यात मी कुठे आहे रे? तर म्हणतो कसा, काकू, गर्दीत आहात की.

दुपारी मांडवात कोणी नव्हतं. राजेश्वरीची बाहुली उचलली आणि दिली मावळ्यांत खुपसून. घ्या, आता सगळ्या सारख्या. मागे सरून बघते तर मोर्चाच गायब. नुसती टँकरपुढे पाण्याची रांग, तीही भाले घेऊन. मग चिडून मावळे बाजूला केले आणि तिला एकटीला पुढे ठेवलं. तर बाई लिफ्ट मागत उभी.

तेवढ्यात खरी राजेश्वरी नैवेद्याचं ताट घेऊन आली. माझ्या हातात मावळे. काय चाललंय ते तिला कळलंच. चिडली नाही. ताट ठेवून हळूच म्हणाली, "अगं, त्या दिवशी मी घाबरून परत फिरणार होते. वळून बघितलं, तर तू सगळ्यांना घेऊन येत होतीस. मग पुढे गेले."

भरून आलं मला, खोटं कशाला बोलू. पण लगेच वाटलं, एवढं लाखमोलाचं बोलली, तेही ऐकायला चिटपाखरू नसताना.

ती गेल्यावर मावळे जागच्या जागी लावले. तिलाही पुढेच ठेवलं, फक्त तोंड मागे वळवून. आता आरतीला येणारा जो तो विचारतो, ही बाई टँकरकडे पाठ करून कोणाकडे बघतेय? मी तिथेच खुर्ची टाकून बसलेली असते. सांगते सगळं, अगदी पहिल्या मजल्यापासून.